विटाळ न येणारी कस्तुरा

महाळुंग्याच्या रानात कांद्याची लागण सुरू झाली, की बाया कस्तुराच्या शेजारचा वाफा नको म्हणायच्या. डाव्या मुठीत रोपांची ओली जुडी, उजव्या हाताचा अंगठा चिखलात, आणि रोप उभं. बघणाऱ्याला वाटावं, ही लावत नाही, रोपंच हिच्या हातातून उड्या टाकतायत. दुसरी बाई अर्ध्या वाफ्यात असायची तेव्हा ही बांधावर उभी राहून पदरानं तोंड पुसायची आणि म्हणायची, "या गं सावकाश. मी तवर भाकर खाती." बाया रागवायच्या आणि हसायच्याही. घाम तिला फार यायचा. पाठीवरची चोळी दुपारच्या आत ओलीगच्च व्हायची. मुद्दाम सांगतो, कारण पुढं दहा-अकरा वर्षं त्या अंगाला घाम फुटला नाही.

बासष्ट सालच्या उन्हाळ्यात ती महाळुंग्याहून तळवड्याला नांदायला आली. वय सतरा. नवरा जयसिंग सातवी शिकलेला, चिंचवडला एका कंपनीत लेथ चालवायचा आणि सायकलवर ये-जा करायचा. सासू भिमाबाई जिभेची तिखट, पण घर ताठ ठेवलेली बाई. पहिल्या वर्षी ती गावात सांगत फिरायची, "सून न्हाई, वावटळ आणलीया म्या. दाराची कडी लावून ठेवावी लागती."

चौसष्टच्या मार्गशीर्षात कस्तुराला मुलगी झाली. सुईण गोजाबाईनं नाळ कापली, पोर रडली, बाहेर जयसिंगला गूळ दिला. सगळं पार पडलं असं वाटलं आणि मग रक्त सुरू झालं. थांबेना. एक गोधडी भिजली, तिच्याखालची भिजली, सारवलेली जमीन काळी झाली. गोजाबाई पोट चोळत होती, तोंडानं देवीचं नाव घेत होती. भिमाबाईनं सुनेचे पाय मांडीवर घेतले होते. ते गुडघ्यापर्यंत गार पडले होते, ओढ्यातल्या दगडासारखे. भिमाबाई राख तापवून पुरचुंडीनं शेकत राहिली. तिच्या तळहाताला फोड आले, पण पाय तापेनात. दिवस कलला तेव्हा रक्त थांबलं. गोजाबाई भिंतीला टेकून म्हणाली, "वाचली. जाखमातेनं सोडली."

देवीनं सोडली खरी, पण वाचली ती पहिली कस्तुरा नव्हती.

तिसऱ्या दिवशी दूध उतरतं. उतरलं नाही. अळिवाची खीर झाली, डिंक झाला, शेपूची भाजी झाली. पोरीनं ओढून ओढून रडावं आणि कस्तुरानं कोरड्या छातीकडं बघत बसावं. शेवटी शेजारच्या शेळीच्या दुधावर पोर वाढली. तिचं नाव रंभा ठेवलं.

महिने गेले. बाळंतीण उठून कामाला लागते, ही लागेना. बसली की बसली, निजली की निजली. हाक मारली तर विहिरीच्या तळातून आल्यासारखी ओ द्यायची, आवाजही घोगरा झालेला. भुवयांचे केस विरळ झाले. रंग मेणासारखा पडला. वैशाखात सारं गाव अंगणात निजायचं आणि ही आत गोधडी पांघरून. आणि विटाळ गेला तो परत आलाच नाही. पहिल्यांदा आळीतल्या बायांना वाटलं, पुन्हा दिवस गेले. त्या पोटाकडं बघायच्या, बोटं मोजायच्या. नऊ महिने झाले, अठरा झाले. मग त्यांनी मोजणं सोडलं.

"बाई म्हणावी का मढं म्हणावं हिला," भिमाबाई म्हणायची. "महाळुंगेकरांनी वावटळ दाखवली आन् पाचोळा दिला."

एकदा तिनं जयसिंगपुढं दुसऱ्या लग्नाचा विषय काढला. जयसिंग सायकलची साखळी पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "आई, तिचे पाय तूच मांडीवर घेतले व्हतेस ना?" भिमाबाईनं तो विषय पुन्हा काढला नाही, पण जीभही आवरली नाही. कस्तुराला सगळं ऐकू यायचं. राग यावा एवढं बळ तिच्यात नव्हतं, हेच तिला सगळ्यात जास्त सलायचं. खुरपायला गेली तर तिची पाथ आता सगळ्यांच्या मागं असायची. बांधावर भाकरी खात बसलेल्या पोरी तिच्याकडं बघून आपसात काही बोलायच्या.

अशी आठ वर्षं गेली. बहात्तरचा दुष्काळ आला, विहिरी आटल्या, आणि त्याच साली तिचं नशीब फिरलं.

गावाच्या वरच्या अंगाला जाखमातेचं ठाणं. तिथला दिवा रोज बाईनंच लावायचा, आणि बाई अशी हवी की महिन्याचे तीसही दिवस ती देवीला शिवू शकेल. म्हणजे म्हातारी. सोजराबाईनं तो मान पंचवीस वर्षं सांभाळला, पण आता तिला डोळ्यांनी दिसेना. ती वात देवीच्या नाकाला लावायला लागली. ठाण्याचा कारभारी मालोजी पारावर बसून म्हणाला, "म्हातारीला हाताशी कुणीतरी पायजे. तिचं काय सांगावं, एखाद् दिशी आईचं लुगडं पेटवंल."

"म्हाताऱ्या सगळ्याच आंधळ्या झाल्यात राव," कुणीतरी म्हणालं.

मालोजी जरा वेळ दाढी खाजवत राहिला. "जयसिंगाची बायको," तो म्हणाला. "आठ वरसं झाली, तिला विटाळ न्हाई. का न्हाई? आईनं बाळंतपणात सोडली, ती फुकट सोडली व्हय? आईनं तिला धुऊन घेतलीया. आपुन आंधळे, आपल्याला कळलं न्हाई."

गावाला हे पटलं. आणि खरं सांगायचं, तर सगळ्यात आधी ते कस्तुराला पटलं. तिच्या अंगात जे मेलं होतं त्याला कुणीतरी पहिल्यांदाच चांगलं नाव दिलं होतं. ती रोज पहाटे उठायची, भिंत धरत धरत चढण चढायची, दिवा लावायची. बाया रस्त्यात बाजूला व्हायला लागल्या. सव्वा महिना झालेली पोरं आणून तिच्या मांडीवर ठेवायला लागल्या. जिला मढं म्हणत होते तिला आई म्हणायला लागले. भिमाबाईसुद्धा चारचौघांत तिला "अवो" म्हणू लागली. घरात मात्र "अगं"च.

पंचाहत्तरच्या पावसाळ्यात तिला हिवताप आला. दोन दिवसांत ती अशी विझली की जयसिंगनं कंपनीच्या विम्याच्या दवाखान्यातून चिठ्ठी घेतली आणि तिला पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. भिमाबाई बरोबर होती. तिथं एक वयस्कर डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी नाडी धरली, भुवया बघितल्या, काखा बघितल्या. मग विचारलं, "शेवटचं बाळंतपण कधी? रक्त किती गेलं होतं?"

अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. भिमाबाईच बोलली, "लई गेलं, बाई. दोन गोधड्या भिजल्या."

"अंगावर दूध आलं होतं?"

"थेंब न्हाई."

"आणि पाळी?"

"तवापासनं न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. आठ दिवस तपासण्या झाल्या, रक्त मुंबईलासुद्धा गेलं. मग त्यांनी तिघांना समोर बसवलं.

"नाकाच्या मुळाच्या मागं, मेंदूच्या खाली, हाडाची एक वाटी असते," त्या म्हणाल्या. "तिच्यात वाटाण्याएवढी एक गाठ असते. तिला पीयूषिका म्हणतात. एवढीशी, पण साऱ्या शरीरावर मुकादमी तिची. दूध उतरव, असं छातीला तीच सांगते. पाळीचा हुकूम तिचा. गळ्यात एक ग्रंथी असते, अंगातली ऊब तिच्यावर. तिलाही हीच हलवते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. दुखणं आलं, धक्का बसला, तर त्यांच्या रसावर माणूस उभा राहतो. त्यांनाही हीच उठवते. गरोदरपणात ही गाठ फुगते, तिला रक्त जास्त लागतं. नेमकं त्याच वेळी अंगातलं रक्त निघून गेलं, तर ती उपाशी मरते. हिची तशी मेली."

जयसिंग विचार करत होता. "म्हंजे बाई, कामगार जागेवर हायत, मशिनं धड हायत, पण वरनं जॉबकार्डच येत न्हाई. म्हणून सगळी खाती बंद."

"अगदी तसंच."

"मंग जॉबकार्ड तुमी देणार?"

"नाही. देणारा गेला तो गेला. आता त्या खात्यांमधून जो माल निघायचा तो आपण बाहेरून आणून द्यायचा. गोळीनं. रोज, जन्मभर." त्यांनी दोन पुड्या पुढं ठेवल्या. "आधी आठ दिवस ही एकटी पांढरी. मग तिच्या जोडीला ही दुसरी. पांढरी कधी बंद करायची नाही. आणि ती उपाशीपोटी घ्यायची नाही, पोटात जळजळ होते."

जयसिंगनं ते घरी येऊन रंभाच्या वहीच्या पाठीवर लिहून ठेवलं. बंद करू नये. उपाशीपोटी घेऊ नये.

महिन्याभरात कस्तुरा भिंत न धरता चालायला लागली. आवाज मोकळा झाला. त्याच सालच्या कार्तिकात ती हौसेनं कांद्याच्या लागणीला गेली आणि तिसऱ्या वाफ्यात थबकली. मानेवरून काहीतरी ओघळलं होतं. तिनं बोटावर घेऊन बघितलं, जिभेला लावलं. खारट होतं. ती तशीच चिखलात उभी राहिली, आणि बाजूच्या बाईला वाटलं, हिला काही चावलं.

"आईनं तेज दिलं," गाव म्हणालं. जयसिंगनं मालोजीला गोळ्यांचं सांगितलं तेव्हा मालोजी हसला. "गोळ्या काय, पुण्यात सगळेच खात्यात भावा. ठाणं कुणाला मिळतंय?"

शहात्तरच्या ज्येष्ठात सोजराबाई गेली. नवरात्राच्या घटाला तोवर तीच बसायची; दिव्याबरोबर तो घटही आता कस्तुराकडं आला. घटाला बसायचं म्हणजे ठाण्याच्या आत नऊ दिवस, उंबरा ओलांडायचा नाही, अखंड दिवा राखायचा, तोंडात अन्न नाही, फक्त पाणी. सोजराबाईनं पंचवीसहून जास्त वर्षं हे केलं होतं. कस्तुराला भीती वाटली नाही. तिला वाटलं, आता अंगात बळ आहे, आता पहिल्यांदा आपण देवीला काहीतरी देऊ शकू.

आदल्या दिवशी जयसिंगनं विचारलं, "आन् गोळ्या?"

"उपाशीपोटी घ्यायच्या न्हाईत, असं बाई बोलल्यात."

"बंद करायच्या न्हाईत, असंबी बोलल्यात."

"बंद कुठं करतीया? नऊ दिस थांबवतीया. दसऱ्याला जेवल्यावर घेती की."

जयसिंगनं वहीची पाठ पुन्हा वाचली. त्याला तिचं बरोबर वाटलं. दोघांनीही डॉक्टरीणबाईंचा शब्द पाळला होता, अगदी अक्षराला धरून.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी डोकं जड झालं. तिसऱ्या दिवशी पाणीही उलटून पडायला लागलं. तिनं ते पदरात टिपून लपवलं. चौथ्या दिवशी दिव्यात घालायचं तेल निम्मं बाहेर सांडलं. ओळखीचा तो गारठा पायांपासून पुन्हा वर चढत होता. घराकडं जावं, असं एकदा मनात आलं. पण बाहेर उद्याच्या पंचमीची गर्दी आत्तापासूनच जमायला लागली होती. बाया ओट्या घेऊन उभ्या होत्या, आणि आपण उठलो तर घट मोडेल, दिवा विझेल, आणि उद्यापासून पुन्हा आपण मढं, हे तिला कळत होतं. ती बसून राहिली.

पंचमीच्या दुपारी तिची मान मागं गेली. डोळे पांढरे झाले, अंगाला झटका आला, दातखीळ बसली.

"आली! आई आली!" मालोजी ओरडला. संबळ वाजायला लागला. कपाळावर हळदीकुंकवाची मूठ पडली, केस सोडले गेले. लोक पाया पडायला लोटले.

"आई, रानात सरकारच्या माणसांनी खुंट्या मारल्यात. रान राहील का जाईल?"

"आई, पोराला कंपनीत कायम करतील का?"

"बोल आई, बोल!"

कस्तुराला आवाज ऐकू येत होते, लांबून, पाण्याखालून यावेत तसे. तिला सांगायचं होतं की मी आहे, कस्तुरा आहे, मला गार वाटतंय. जीभ उचलत नव्हती. माणसं प्रश्न विचारत होती आणि ती सगळ्यांच्या देखत मरत होती. तिच्या घोगऱ्या श्वासाचा अर्थ मालोजी लोकांना समजावून सांगत होता.

भिमाबाईही रांगेत होती. सून असली तरी आज ती देवी होती. म्हातारी वाकली, दोन्ही हात सुनेच्या पावलांवर ठेवले आणि तिथंच थांबली. मागच्या बाईनं ढोसलं, तरी उठेना. तिनं हात घोट्यावर नेले, मग गुडघ्यावर.

"संबळ बंद करा," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही. तशी ती ओरडली, "बंद करा, मुडद्यांनो! अंगात आलेल्या बाईचं अंग तापतं. ह्ये गार हाय. ह्ये मला ठाव हाय, म्या मांडीवर घेतलंय ह्ये!"

तिनं पुढ्यातल्या ओटीतला गूळ उचलला, तांब्यातल्या पाण्यात कुस्करला. मालोजीनं हात धरला. "भिमाबाई, उपास मोडतीस? देवीसमोर?"

"सोजरी पंचवीस वरसं चंचीत शेंगदाणे घेऊन बसायची, तवा मोडला न्हाई व्हय? तुला ठाव न्हवतं? सगळ्या गावाला ठाव व्हतं. हिलाच कुणी सांगितलं न्हाई. सोड हात. माझी सून हाय ती."

मालोजीचा हात सुटला. म्हातारीनं सुनेच्या गालफडात बोट घालून गुळाचं पाणी थेंब थेंब आत सोडलं. मग कांद्याच्या टेंपोत तिला घातलं. कुणीतरी चिंचवडला सायकल पिटाळली, जयसिंग लेथ चालू ठेवून तसाच धावत सुटला.

दवाखान्यात शिरेतून औषध आणि साखर गेली. दोन दिवसांनी तिनं डोळे उघडले. डॉक्टरीणबाई खाटेशी उभ्या होत्या. "गोळी का बंद केली?" त्यांचा आवाज चढला होता. "कधी बंद करायची नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"उपाशीपोटी घ्यायची न्हाई, तुमीच म्हणला व्हता," कस्तुरा म्हणाली.

डॉक्टरीणबाई खाटेच्या कडेला बसल्या. "त्याचा अर्थ आधी खायचं, असा होता गं," त्या म्हणाल्या. "मी तेवढंच बोलायला हवं होतं. चुकलं माझं. आणि उपास तुला कधीच झेपणार नाही. आपल्या पोटात अन्न नसलं, की त्या टोपीवाल्या ग्रंथी साठ्यातली साखर काढायला लावतात. तुझ्या त्या झोपलेल्या आहेत."

घरी आल्यावर चौथ्या दिवशी मालोजी नारळ घेऊन आला. त्याच्या मागं गावची चार माणसं होती. "आईनं तुला दोनदा सोडली," तो हात जोडून म्हणाला. "आता तू तिचीच. पुढल्या साली नऊ दिस नगं, पाचच बस."

जयसिंग म्हणाला, "बाबा, डॉक्टरनी उपास करू नको म्हणून सांगितलंय."

"डॉक्टरला काय कळतं राव? मरणाच्या दारातनं आली ती कुणामुळं? घट ओस पडला आन् गावात कायबाय झालं, तर लोक तुमच्याच दाराला येतील. म्या न्हाई म्हणत. लोक म्हणतील."

कस्तुरा आतून ऐकत होती. जयसिंग एक वर्ष नाही म्हणेल, दोन वर्षं म्हणेल. आपण स्वतः नाही म्हणू शकू, याची तिला खात्री नव्हती. आई म्हणवून घेतलेल्या बाईला नाही म्हणणं जड जातं.

पुढच्या खेपेला पुण्यात तिनं जयसिंगला बाहेर बसायला सांगितलं. मग डॉक्टरीणबाईंना विचारलं, "बाई, माझा विटाळ परत आणता येतो का?"

"गोळ्यांनी आणता येईल. मूल मात्र होईल असं समजू नकोस. पण हाडांसाठी, अंगासाठी चांगलंच आहे. दोन-तीन महिने लागतील. तुला हवं आहे का?"

"व्हय. द्या."

माघात एका सकाळी तिला कळलं. ती न्हाणीत बराच वेळ उभी होती. बाहेर आल्यावर सासूला म्हणाली, "आत्याबाई, मला शिवू नका." भिमाबाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि कोपऱ्यातलं पोतं काढून दिलं. आत माजघराच्या आडोशालाही बसता आलं असतं. कस्तुरानं पोतं ओट्यावर टाकलं, रस्त्याला लागून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं.

पाण्याला निघालेल्या बायांनी बघितलं. त्यांचं बोलणं तिथंच तुटलं. घागरी तशाच घेऊन त्या पुढं गेल्या आणि वळणावर पुन्हा बोलणं सुरू झालं, यावेळी हळू आवाजात. थोड्या वेळानं मालोजी आला. ठाण्यावर दिवा लागला नाही म्हणून बघायला आला असावा. लांबूनच त्याचे हात जुळायला लागले होते.

"लांब ऱ्हावा, मालोजीबाबा," कस्तुरा म्हणाली. "मी बाहेर बसलीया."

त्याचे हात अर्ध्यातच राहिले. मग ते खाली आले, एक हात खिशात गेला, एक मिशीला. तो पायरीवर थुंकला नाही. फक्त वळला आणि आला तसा गेला. तो आपल्याकडं पुन्हा कधी बघणार नाही, हे तिला त्याच्या पाठीवरून कळलं.

दुपारी खालच्या आळीची एक ओली बाळंतीण सव्वा महिन्याचं लेकरू घेऊन आली. तिला काही माहीत नव्हतं. पोराला न्हाऊमाखू घातलेलं, गालावर तीट. कस्तुराआईच्या मांडीवर घालायला निघाली होती. ओट्याशी येताच ती थबकली, झटकन पदर पोराच्या तोंडावर ओढला आणि माघारी फिरली. कस्तुरा ती वळणापलीकडं दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मग तिनं पोतं सरकवून उन्हात घेतलं.